अंडी उबवण्याचा प्रयोग : एकविसाव्या दिवसानंतर काय?

शाळेत किंवा घरी कोंबडीची अंडी उबवण्याची कृती विज्ञान-प्रकल्पांसाठी वारंवार सुचवली जाते. थर्मोकोलचे खोके, विजेचा दिवा, तापमापी, पाण्याची वाटी आणि डझनभर अंडी एवढ्या साहित्यावर २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अशा कृतींची जी वर्णने आमच्या वाचनात आली, त्यांतील बहुतेक तिथेच संपतात. आमचा आक्षेप या शेवटावर आहे.

प्रयोगाचे मोल आम्हांला मान्य आहे. ॲरिस्टॉटलने तीन दिवसांनंतर अंड्यात दिसणाऱ्या, रक्ताच्या ठिपक्यासारख्या हलत्या हृदयाची नोंद केली होती. आज त्यासाठी अंडे फोडावे लागत नाही. अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतासमोर अंडे धरले, की सातव्या दिवशी कवचाआड रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. हे पाहिलेला विद्यार्थी गर्भाची वाढ सहसा विसरत नाही.

परंतु कृती दिसते तेवढी सोपी नाही. दुकानातली अंडी बहुधा कोंबड्याविना पाळलेल्या कोंबड्यांची, म्हणजे अफलित असतात. ती कितीही उबवली तरी व्यर्थ. पंखा असलेल्या पेटीत तापमान सुमारे ३७.५ अंश सेल्सियस लागते. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ते अंशभर अधिक ठेवावे लागते. आर्द्रता आधी ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हवी. अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज किमान तीन वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटण्याचा धोका असतो. अंड्यांना रविवारची सुट्टी नसते आणि वीज गेली तर प्रयोग थांबवून ठेवता येत नाही. जुन्या वर्णनांतला तारेचा दिवा पुरेशी उष्णता देत असे, आजचा एलईडी दिवा देत नाही.

एवढे साधले आणि पिल्लू बाहेर आले, की फसगत होण्याजोगा काळ सुरू होतो. कवच फोडण्यापूर्वी पिल्लाने उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते सुमारे दोन दिवस दाणापाण्याविना तग धरते. प्रदर्शन पार पडते, छायाचित्रे निघतात, सारे ठीक वाटते. पुढे मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत, पिसे येईपर्यंत म्हणजे पाच-सहा आठवडे द्यावी लागते. उथळ भांड्यात पाणी, पिल्लांचे खाद्य, राणीखेतची लस, मांजर-उंदरांपासून बंदोबस्त हे सारे आलेच. पिल्लांना हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुणेही आवश्यक आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांकडूनही साल्मोनेलाचा संसर्ग होतो.

शिवाय दहा पिल्लांत साधारण पाच नर निघतात. अंड्यांच्या व्यवसायात नर पिल्ले जन्मताच मारली जातात. जर्मनीने या प्रथेवर २०२२ पासून बंदी घातली. शहरातल्या इमारतीत पहाटे आरवणारा कोंबडा कोणाला हवा असतो? ‘कुक्कुटपालन केंद्राला देऊन टाकू’ हे उत्तरही आधी विचारून पाहावे. रोगाच्या भीतीने बाहेरचे पक्षी घेण्यास केंद्रचालक नाखूश असतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूमुळे मोठ्या प्रमाणावर कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या, तेव्हा ही भीती अनाठायी नाही.

आमचा आक्षेप कोंबडी खाण्यावर नाही. गावात कोंबडे विकले जातात, जत्रेला कापले जातात. मुलांना ते ठाऊक असते. पुढची काहीच सोय नसताना केवळ दाखवण्यासाठी जीव जन्माला घालायचा, तो मुलांत वाटून टाकायचा आणि त्याचे काय झाले हे विचारायचे नाही, हे आम्हांला गैर वाटते. सजीवांविषयीच्या पाठातून मुले हेही शिकतात.

खेड्यातल्या शिक्षकांपाशी याहून चांगली सोय आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, की मुलांनी नोंदी ठेवाव्यात : ती दिवसातून किती वेळा उठते? चोचीने अंडी कशी फिरवते? तिच्या पोटावरची पिसे कोठे गळली आहेत? कवचाआडून आवाज येऊ लागल्यावर ती काय करते? पुढचे आठवडे ऊब देण्याचे काम तीच करते आणि पिल्लांना घरही असते. शहरात अफलित अंडे फोडून हवेची पोकळी, बलकाला धरून ठेवणारे दोन पीळ आणि बलकावरचा पांढुरका ठिपका दाखवता येतो.

तरीही पेटी करायचीच असेल, तर अंडी आणण्यापूर्वी चार उत्तरे वर्गाने मिळून फळ्यावर लिहावीत : सुट्टीत अंडी कोण फिरवणार? वीज गेल्यास ऊब कशी देणार? सहा आठवडे पिल्ले कोठे राहणार? आणि त्यानंतर नर व माद्या कोणाच्या घरी जाणार? घेणाऱ्याचा होकार आधीच मिळवावा. यातले एकही उत्तर कोरे राहिले, तर अंडी आणू नयेत.