‘पण लक्षात कोण घेतो!’ : शाळेतली आणि नंतरची

आता हरिभाऊंकडे वळू. ‘पण लक्षात कोण घेतो!’ आपल्यापैकी किती जणांनी शाळेत मनापासून वाचली, ते विचारत नाही. आम्हाला ती लावलेली होती. फळ्यावर ‘विधवांची दुःस्थिती’ असा मथळा आला, खाली पाच मुद्दे, ते उतरवून घेतले. यमू विधवा होते, तिचं सक्तीनं केशवपन होतं, ती मरते. शेवट ठाऊक असलेलं रडकं पुस्तक चौदाव्या वर्षी कोण वाचणार?

पन्नाशीत पुन्हा हाती घेतलं तेव्हा पहिला धक्का बसला तो यमूच्या बोलण्याचा. अहो, ही मुलगी किती बोलते! दादाशी भांडणं, भातुकली, माजघरातल्या कुजबुजी, सगळं ती आपल्या शेजारी बसून सांगितल्यासारखं सांगते. आणि मग मुंबई. एकत्र कुटुंबाच्या बाहेर, रघुनाथराव आणि यमू यांचं बिऱ्हाड. नवरा-बायको एकमेकांशी मोकळेपणानं बोलतात, ती वाचायला लागते. शाळेत हे भाग आम्ही ‘महत्त्वाचे नाहीत’ म्हणून सोडले होते. आता तेच वाचवत नाहीत, कारण ते सुख अगदी साधं आहे, हाताशी आलेलं आहे.

हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ही कादंबरी त्यात क्रमशः आली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं वय दहावरून बारा. पुण्यात त्यावरून रणं माजली होती. म्हणजे सभेत एकमेकांवर तुटून पडणारी माणसं घरी येऊन यमूचा पुढचा भाग वाचत असणार. आमच्या पाच मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं.

दोष आहेतच. पाल्हाळ आहे. आणि शंकरमामंजी फार काळे रंगवलेत असं आम्हाला अजूनही वाटतं. सगळा राग त्या एका ढोंगी माणसावर काढला की बाकीचं घर सुटतं.

आमच्याही घरी एक फोटो होता. अलवणातल्या पणजी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. रोज त्याखाली बसून आम्ही ते पाच मुद्दे पाठ केले. त्यांचं नाव आम्ही आईला विचारलं ते कादंबरी दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर. आईला ते माहीत नव्हतं.