उत्तर आहे, हे आधीच सांगितले तर

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयासरशी ती ग्रँडमास्टर झाली. समोर कोनेरू हंपी होती. दिव्याचा जन्म २००५ चा; हंपी २००२ सालीच ग्रँडमास्टर झालेली. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्या जिंकली. आमच्या हाती आलेल्या वृत्तपत्रांत तिचे वय होते, बक्षिसाची रक्कम होती, हारतुरे होते. पट मात्र कोठेच नव्हता. क्रिकेटचा धावफलक गाळून नुसता निकाल छापण्याचे धाडस कोणी संपादक करील काय?

पण आमची खरी तक्रार याहून वेगळी आहे. जेथे पट दाखवला जातो, तेथे तो कसा दाखवतात, याविषयी ती आहे.

रविवारच्या पुरवणीतील कोडे घ्या. चित्राखाली ओळ असते: ‘पांढऱ्याची चाल, दोन खेळींत मात’. ही ओळ म्हणजे अर्धे उत्तरच. येथे काहीतरी आहे, ते पांढऱ्याच्या बाजूचे आहे आणि दोनच खेळींवर आहे, इतके सगळे ती सांगून टाकते. प्रत्यक्ष डावात खेळाडूच्या कानात असे कोणी सांगत नाही. चाळीस खेळ्यांपैकी नेमकी कोणत्या खेळीला थांबून खोल विचार करायचा, हे त्याचे त्यालाच ओळखावे लागते. प्रयोगशाळेतही तसेच असते. हाती आलेल्या विचित्र आकड्यामागे नवे काही आहे की नळीला गळती आहे, हे आकड्याखाली लिहिलेले नसते. (बहुतेक वेळा गळतीच असते.)

रिचर्ड रेटी यांची १९२१ सालची रचना वाचकांनी पटावर मांडावी. पांढरा राजा एच८ वर, पांढरे प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळे प्यादे एच५ वर. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे पुढे पळते आहे आणि पांढरा राजा त्याच्या मागे दोन चाली पडला आहे. पांढरे प्यादे तर काळ्या राजाच्या तोंडाशीच उभे. शेजारच्या अकरावीतील दोन मुलांना आम्ही ही मांडणी दाखवली. एकाला नुसते विचारले, ‘काय होईल?’ ‘पांढरा हरतो,’ असे म्हणून तो अर्ध्या मिनिटात उठला. दुसऱ्याला वेगळ्या खोलीत सांगितले, ‘पांढरा बरोबरी साधतो. कशी?’ त्याने वीस मिनिटांत वाट शोधली. दुसरा अधिक हुशार होता असे आम्हाला वाटत नाही.

ती वाट अशी. राजा सरळ खाली न जाता तिरपा निघतो: जी७, एफ६, ई५. प्रत्येक पावलाबरोबर तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळ्या राजाने सी६ चे प्यादे मारण्यात वेळ घालवला, तर पांढरा एफ४, जी३ करत काळे प्यादे गाठतो. न मारता काळे प्यादे पळत राहिले, तर पांढरा राजा आपल्या प्याद्यापाशी पोचतो आणि दोघांनाही वजीर मिळतो. गणिताच्या शिक्षकांनी येथे जरा थांबावे. एच८ पासून एच२ पर्यंत सरळ सहा पावले. ई५ वरून वळसा घेतला तरी तीन अधिक तीन, सहाच! कागदावर पट्टीने मोजाल तर सरळ वाट सहा घरांची आणि वळशाची जवळजवळ साडेआठ घरांची भरेल. राजाला मात्र तिरप्या पावलाला आडव्या-उभ्या पावलाइतकीच किंमत पडते. अंतर कशाने मोजायचे हे ठरवावे लागते, ही गोष्ट वर्गात इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने समजेल, आम्हाला सुचत नाही.

आता सामने पाहण्याविषयी. हल्लीच्या प्रक्षेपणात पटाशेजारी एक उभी पट्टी असते. कोणाचे पारडे किती जड आहे, ते संगणक तिच्यातून क्षणोक्षणी दाखवतो. पट्टी उसळली की घरबसल्या प्रेक्षक म्हणतो, ‘एवढे साधे दिसले नाही!’ त्याला तरी कोठे दिसलेले असते? पट्टीने प्रत्येक स्थितीखाली कोड्याची ती ओळ छापून ठेवलेली असते. अंतिम फेरीतील शेवटच्या डावात घड्याळाच्या रेट्याखाली हंपीच्या हातून चुका झाल्या. पट्टीकडे पाहणाऱ्याला त्या चुका म्हणून दिसतात. आम्ही पडद्याच्या कडेला कागद चिकटवून डाव पाहू लागलो, तेव्हा बहुतेक वेळ आम्हाला काहीच कळत नव्हते. तरी त्या संध्याकाळी डाव पाहिल्यासारखे वाटले.

कोडी निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरी जागेवर मांडतो. मोहरी वाटेल तशी विखुरली, की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याच्याजवळ असतो तो ओळखीच्या आकृत्यांचा साठा, आणि तो साठा कोड्यांनी वाढतो. पण याच कारणाने ‘बुद्धिबळाने गणित सुधारते’ ही शाळाशाळांतून मिळणारी ग्वाही जपून घ्यावी. इंग्लंडमधील शंभर शाळांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस तास बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणितात वर्षभरानंतर काहीही फरक आढळला नाही. बुद्धिबळ बुद्धिबळासाठीच शिकवावे, ते पुरेसे आहे.

शाळेच्या फळ्यावर कोडे लावणाऱ्यांना एक करता येईल. खालची ओळ पुसावी आणि न सुटणाऱ्या स्थितीही मधूनमधून द्याव्यात. रेटींच्या रचनेत काळे प्यादे एच५ ऐवजी एच४ वर ठेवा. आता पांढरा खरोखरच हरतो. वीस मिनिटांत वाट शोधणाऱ्या त्याच मुलाला आम्ही ही दुसरी मांडणी काही न सांगता दिली. तो बराच वेळ पटावर वाकून बसला. मग मान वर करून त्याने विचारले, ‘काका, हे सुटते तरी का?’