समोर एचआर बसलेत

लिंक्डइनवरची पोस्ट हा आता एक लेखनप्रकार झालाय, तेव्हा तिचं वाचनही त्याच नजरेनं करू. तिची घडण ठरलेली आहे. पहिली ओळ धक्क्याची: 'काल मला पुन्हा नकार आला.' मग रिकामी जागा. फोनवर दोन-तीन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो, म्हणून सगळा जोर त्या घडीच्या वर. पुढे एकेका वाक्याचे परिच्छेद. शेवटी शिकवण, आभार आणि हॅशटॅग.

याच्या जवळचा प्रकार मराठीत फार पूर्वी होऊन गेला. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर, यांनी १९११पासून नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेत एकच पात्र बोलतं. समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यावरून आपण ओळखायचं. नोकरी शोधणाऱ्याची पोस्ट अशीच असते. समोर एचआर बसलेत. ते काही बोलत नाहीत, पण प्रत्येक वाक्य त्यांच्या चेहऱ्याकडे बघत लिहिलेलं असतं.

फरक एकच, पण मोठा. नाट्यछटेत बोलणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. बोलणाऱ्याचं पितळ वाचकासमोर उघडं पडावं, ही लिहिणाऱ्याची योजना असते. पोस्टमध्ये दोघं एकच. त्यामुळे पितळ झाकायचं काम बोलणाऱ्यालाच करावं लागतं, आणि ते पोस्टपुरतं थांबत नाही. इन्स्टा प्रायव्हेट करा, कॉलेजातले टॅग काढा, कुठे काय कमेंट केली होती ते शोधून पुसा.

माझ्या एका मित्राला हे करताना पाहिलं. तो पुण्यात तीन वर्षं अभ्यासिकेत बसून एमपीएससी करत होता. पद मिळालं नाही, मग खासगी नोकरी शोधायला लागला. पहिला प्रश्न: ही तीन वर्षं प्रोफाइलवर कुठे ठेवायची? लिंक्डइननं २०२२मध्ये 'करिअर ब्रेक' दाखवायची सोय केली. त्यात कारणांची यादी आहे: मुलांचं संगोपन, आजारपण, प्रवास, व्यावसायिक विकास. 'परीक्षा दिली, झालो नाही' असं कारण तिथे नाही. त्यानं 'व्यावसायिक विकास' निवडलं. खोटं नाही ते. पण खरंही नाही.

मला या प्रकारातला मुख्य दोष हाच वाटतो. इथे अपयश सांगायला परवानगी आहे, पण ते संपल्यावरच. नोकरी लागली की दोनशे नकारांची गोष्ट सांगता येते. नकार चालू असताना सांगितली तर ती रडगाणं ठरते. २०२०मध्ये आलेलं 'ओपन टू वर्क'चं हिरवं वर्तुळ हे त्यातल्या त्यात सरळ वाक्य: मला काम हवंय. पण 'ते लावू नकोस, गरजू दिसशील' असाही सल्ला मिळतो. वर्तुळ न लावता काम हवंय हे फक्त रिक्रूटरांना दिसेल असंही ठेवता येतं. तेव्हा तुमच्या सध्याच्या कंपनीपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही.

यावर हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. कॉटबेसिसचं भाडं ज्याला भरायचंय, त्यानं प्रोफाइल झाडूनपुसून ठेवणं हा ढोंगीपणा नव्हे. मुलाखतीला जाताना आपण शर्टाला इस्त्री करतोच. पण इस्त्री अंगावरच्या शर्टाला होते. इथे कपाटातले सगळे कपडे तपासले जातात.

११ मार्च २०२१ला एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. त्या रात्री माझ्या मित्रानं फेसबुकवर लिहिलं होतं. पहिल्या ओळीत धक्का नव्हता, शेवटी शिकवण नव्हती. घरून आलेला फोन होता, मेसचा संपलेला महिना होता, आणि राग होता. समोर एचआर बसलेले नव्हते. तो आमच्याशी बोलत होता.

गेल्या महिन्यात त्यानं ती पोस्ट डिलीट केली. त्याआधी मला स्क्रीनशॉट पाठवला: 'तुझ्याकडे राहू दे.' त्यानं लिहिलेलं मी वाचलेलं सगळ्यात चांगलं लेखन तेच आहे. त्याच्या प्रोफाइलवर आता 'उत्तम लेखी संवादकौशल्य' असं लिहिलंय. त्याचा पुरावा माझ्या फोनमध्ये आहे, आणि तो मी कोणाला दाखवू शकत नाही.