जुन्याचे सोंग आणि जुनेपण

निस्सान कंपनीची 'फिगारो' ही छोटी मोटार जपानच्या बाजारात आली १९९१ साली, पण पाहणाऱ्याला ती १९५५ सालची वाटावी अशीच तिची घडण आहे. गोल दिवे, पांढरे छप्पर, क्रोमच्या पट्ट्या, बशीसारखी चाकांची झाकणे! मोटारींवर लिहिणारी मंडळी तिला 'गोंडस' म्हणून मोकळी होतात. मला मात्र ती थोडा विचार करायला लावणारी वस्तू वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८९ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. आठ हजार गाड्या काढायचे ठरले होते, मागणी पाहून वीस हजार काढल्या, आणि त्याही सोडत काढून विकल्या. रंग चार, चार ऋतूंचे. आत सांगाडा मात्र निस्सानच्याच साध्या 'मार्च' गाडीचा : ९८७ सीसीचे टर्बो इंजिन, तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअर, वातानुकूलन, सीडी प्लेअर. मागच्या आसनावर मोठ्या माणसाने बसू नये हेच बरे.

प्रश्न असा, की ही आठवण कुणाची? १९५५ साली सर्वसामान्य जपानी माणसाच्या दारात मोटारच नव्हती. फिगारोचे रूप आहे त्या काळातल्या युरोपातल्या छोट्या गाड्यांचे. म्हणजे जे आपण कधी भोगलेच नाही, त्याचा हा विरह!

मस्कतमध्ये राहणाऱ्याला ही युक्ती अनोळखी वाटू नये. इथल्या इमारती पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या असाव्यात, त्यांना कमानी असाव्यात असा पालिकेचा दंडक आहे. आत लिफ्ट आणि वातानुकूलन, बाहेर किल्ल्याच्या चर्या. १९७० साली या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. म्हणजे हे 'जुने' शहर बहुतांशी त्यानंतरचे. पण एक फरक आहे. त्या चर्या निझवाच्या सतराव्या शतकातल्या किल्ल्यासारख्या इथल्याच वास्तूंवरून घेतलेल्या आहेत. मस्कतने आपल्या आजोबांचा अंगरखा घातला, फिगारोने शेजाऱ्याच्या.

आता तिसरे उदाहरण आपल्या घरचे. मुंबईची प्रीमियर पद्मिनी, आपण जिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत आलो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचा आराखडा १९६० च्या आसपासच्या इटालियन फियाट ११०० चा. ती जुनी दिसे, कारण ती खरोखरच जुनी होती. परवान्यांच्या राज्यात स्पर्धाच नव्हती, मग बदलायचे कशाला? तिचे जड स्टिअरिंग, पावसाळ्यात सकाळी सुरू होताना तिने केलेली कुरकुर, भर उन्हात टॅक्सीवाल्याच्या मानेवरून ओघळणारा घाम, हे सारे त्या जुनेपणातच मोडत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. पण उद्या कुणी पद्मिनीची फिगारो काढलीच, तर हा घाम आणि ही कुरकुर तिच्यात नसणार, हे नक्की.

फिगारोवर माझा आक्षेप आहे तो इथे. ती जुन्याचा चेहरा घेते आणि कष्ट वगळते. आणि तिची बाजू घ्यायची तर तीही इथेच घ्यावी लागते : विकणाऱ्याने ते लपवले नाही. छपराखाली आजचे इंजिन आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते.

आपण परदेशस्थ तरी वेगळे काय करतो? गणपतीत रंगमंचावर थर्मोकोलचा वाडा उभा राहतो. तुळशीवृंदावन असते, झोपाळा असतो. धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर आणि त्यात आयुष्य काढलेली आजी नसते. वाडा जरूर उभारावा, मुलांना तो आवडतो. पण त्याच वेळी त्यांना त्या आजीबद्दलही सांगावे. नाहीतर इथे वाढणारी मुले थर्मोकोललाच महाराष्ट्र समजतील, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जाणार नाही.