वेदना : आपली आणि पालीतली

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास वर्षांत एक शब्द सर्वात जास्त राबवला असेल तर तो 'वेदना' हा होय. वेदना, नकार, विद्रोह ही त्रयी आपण पाठ केली, विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली आणि उत्तरपत्रिकेत तिला गुणही दिले. बारामतीला वर्गात मीही ती फळ्यावर लिहितो. पण ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ ला बुद्धाचा मार्ग पत्करला त्या समाजाच्या समीक्षेने हा शब्द वापरताना पालीकडे इतके क्वचित वळून पाहावे, याचे मला नवल वाटते. मराठीत वेदना म्हणजे कळ, ठणका. पालीत वेदना म्हणजे जे जे जाणवते ते. सुखाचे, दुःखाचे आणि दोन्ही नसलेलेही. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना उपजते आणि वेदनेतून तृष्णा. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी स्मृती ठेवायला सांगितले आहे. म्हणजे आपण ज्या शब्दाने साहित्याची सुरुवात करतो, त्याच शब्दापाशी बुद्ध माणसाला थांबायला सांगतो.

हा शब्दच्छल नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आज आपल्या वस्त्यांमधून दोन तट पडलेले मला दिसतात. एक तट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन येतो आणि सांगतो की राग कमी झाला, दारू सुटली, झोप लागते. दुसरा तट म्हणतो की ही पळवाट आहे. बाबासाहेबांनी आपल्याला डोळे उघडायला सांगितले आणि तुम्ही मिटून बसता. दोन्ही तटांत माझे मित्र आहेत, नातेवाईकही आहेत. दोघेही एकमेकांचे ऐकत नाहीत, हे सांगायला नकोच.

सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन रंगूनचे. योगायोग असा की बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये बौद्ध परिषदेसाठी रंगूनला होते आणि त्याच शहरात १९५५ साली गोयंका ऊ बा खिन यांच्याकडे अर्धशिशीने हैराण होऊन पहिल्यांदा ध्यानाला बसले. एकाच गावातून धम्माच्या दोन वाटा महाराष्ट्रात आल्या, असे म्हणायला हरकत नाही. शिबिराला फी नाही, जात विचारली जात नाही, पंचशील पाळावे लागते, मौन पाळावे लागते. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वास पाहायचा, मग अंगावरच्या वेदना समभावाने पाहायच्या. शेवटी मैत्री. जिथे पंगतीत आपल्याला वेगळे बसवत होते, तिथे शेजारच्या आसनावर कोण बसले आहे हे कुणी विचारत नाही, ही गोष्ट आपल्या माणसाला लहान वाटत नाही. ती लहान नाहीच.

तरीही पळवाटीचा आरोप हवेतून आलेला नाही. एका महाविद्यालयात (नावाचे कारण नाही) मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. रोस्टरप्रमाणे जागा भरावी म्हणून मी तीनदा अर्ज केला. तिसऱ्या अर्जानंतर एक ज्येष्ठ सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही एकदा इगतपुरी करून याच. फार शांत वाटतं." सद्गृहस्थ मनापासून बोलत होते. पण रोस्टर जागचे हलणार नव्हते, हलायचे होते ते माझे मन. दुःख देणारा तसाच राहतो आणि सोसणाऱ्याला समभाव शिकवला जातो, तेव्हा ध्यानाचा उपयोग अफूसारखा होतो. आपले कार्यकर्ते याला भितात, आणि ती भीती रास्त आहे.

यावर बाबासाहेबांचे म्हणणे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांविषयीच त्यांनी शंका घेतली आहे. जगणे दुःख, मरणे दुःख, पुन्हा जन्मणे दुःख असे असेल तर धर्म माणसाला काय देणार, असा त्यांचा रोकडा सवाल. आजारी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथाही त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नसेल हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात हा धागा आधीच उचलला होता. बाबासाहेबांनी त्याला कळस चढवला. तंटा आधी दोन्हीकडच्या सेवकांत लागतो, मग शाक्यसंघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ पंच नेमून तोड काढा म्हणतो, त्याचे कुणी ऐकत नाही आणि तो परिव्रज्या पत्करतो.

नीरा डाव्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या वाचकाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. १८८५ पासून हे पाणी वाहते आहे. वरच्या अंगाला बारामतीचा ऊस, शेवटाला इंदापूर. टेलला आवर्तन पोचले नाही की काय होते ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चारी फोडायला रात्री जातो तो बहुतेक वेळा सालगडी असतो, मालक नव्हे. डोकेही त्याचेच फुटते. शाक्य-कोलीयांचे सेवक मला या चारीवर दिसतात. त्याहून महत्त्वाचा भाग कथेच्या पुढे आहे. युद्ध टळले, दोन्ही पक्षांत समेट झाला, ही बातमी सिद्धार्थाला कळते. आता परत जायला हरकत नव्हती. पण बाबासाहेबांचा सिद्धार्थ परत जात नाही. राष्ट्राराष्ट्रांतली भांडणे प्रसंगाने होतात, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र रोजचा आहे आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे, असे त्याच्या ध्यानात येते. पाण्याची पाळी मिळाली तरी ज्याला शेतच नाही त्याचे काय, असा तो प्रश्न आहे.

यावरून आपले कार्यकर्ते निष्कर्ष काढतात की बाबासाहेबांनी ध्यान फेकून दिले आणि समाजकारण ठेवले. हे अर्धवट वाचन आहे. त्यांच्याच ग्रंथात सिद्धार्थ गयेला चार आठवडे ध्यान करतो. अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही दोन अंगे त्यांनी गाळलेली नाहीत. समाधी आणि सम्यक समाधी यांत मात्र त्यांनी रेघ ओढली आहे. नुसत्या एकाग्रतेने मनातले अडसर तेवढ्यापुरते दबतात. मनाला कायमचे वळण लागत नाही. ते वळण लागायचे तर चित्ताला कुशल कर्माचा विचार करण्याची सवय लागली पाहिजे, असा त्यांचा आशय. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानाच्या वरच्या पायऱ्या शिकूनही सिद्धार्थ तिथे थांबला नाही, त्याचा अर्थही हाच. ध्यान झाले, पुढे काय, हा प्रश्न बाबासाहेब विचारतात. तो विचारण्यासाठी आधी ध्यान मान्य करावे लागते.

गोयंकांशी आपला खरा मतभेद दुसरीकडे आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रवचनात मागल्या जन्मांतून साचत आलेल्या संस्कारांची भाषा येते. पूर्वकर्माने आजचे दारिद्र्य ठरते या कल्पनेवर बाबासाहेबांनी सरळ घाव घातला आहे. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून झटकण्यासाठीच ती उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे. बारामतीच्या शिबिरार्थी मित्रांना मी एवढेच विचारतो, की शरीरावरची वेदना अनित्य आहे हे अनुभवून पाहा, पण ती वेदना मागल्या जन्मातून आली हे कुठे अनुभवलेत? ते तर ऐकलेत. आणि ऐकीव गोष्ट मानू नका, हे कालामांना कोणी सांगितले?

आता समीक्षेकडे येतो. सतिपट्ठान सुत्तात एक शब्दयोजना पुन्हा पुन्हा येते, तिच्याकडे आपल्या लोकांचे लक्ष गेले नाही. वेदना आपल्या आत पाहावी, बाहेर पाहावी, आत-बाहेर दोन्हीकडे पाहावी, असे तिथे म्हटले आहे. बाहेर पाहावी, म्हणजे दुसऱ्याच्या ठायीही पाहावी, असा अर्थ परंपरेनेही केला आहे. शिबिरात आतले पाहणे होते. आपल्या साहित्यात बाहेरचे होते. दोन्हीकडे पाहणारे आपल्यात कोण?

मला उत्तर मिळाले ते नीरेच्या पलीकडच्या काठावर, फलटणला. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी ध्यानावर अक्षर लिहिलेले नाही. पण वीरगावच्या महारवाड्याकडे त्या ज्या तऱ्हेने पाहतात तिला मी स्मृती म्हणतो. पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा त्या दाखवतात, नाक कापलेल्या बाया दाखवतात, आणि कापणारा हात गावच्या पाटलाचा नाही, आपल्याच घरचा आहे, हे सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. ज्यांना गावात कुणावर सत्ता नव्हती त्यांनी घरात सुनेवर राज्य केले, ही त्यांची उकल. सासू राक्षसीण म्हणून येत नाही. एकेकाळची मारलेली सून म्हणून येते. गावाचा भार महारवाड्यावर, महारवाड्याचा पुरुषावर, पुरुषाचा बाईवर, बाईचा सुनेवर, अशी ही उतरंड त्यांनी एकेक मडके हातात घेऊन दाखवली आहे. आषाढात अंगात येणाऱ्या बायांविषयी लिहितानाही त्या हसतात, पण तुच्छतेने नव्हे. वर्षभर लाथा खाणाऱ्या बाईला तेवढ्यापुरता मान मिळतो हे त्या जाणतात.

इथे वेदना आणि विद्रोह यांच्यामध्ये एक जागा आहे. साखळीत वेदनेनंतर लगेच तृष्णा येते, आणि ती येऊ न देता पाहत राहण्याची जी उसंत, तीच बुद्धाच्या साऱ्या साधनेची किल्ली आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ साली जो स्फोट केला तो त्या काळाचा हक्क होता. पण त्यानंतर आलेल्या कितीतरी कवितासंग्रहांत वेदना पहिल्या ओळीत येते आणि दुसऱ्या ओळीत मशाल पेटते. मधे कुणी कुणाकडे पाहिलेलेच नसते. मशाल तयार मालासारखी मिळते, त्यामुळे तिने कुणी भाजत नाही. प्रस्थापितांना अशी कविता अभ्यासक्रमात लावायला सोयीची वाटते, ते उगाच नाही.

बेबीताईंनी स्वतःविषयी मात्र पुस्तकात फारसे सांगितले नाही. माया पंडित यांनी केलेल्या २००८ च्या इंग्रजी अनुवादाला एक मुलाखत जोडली आहे. नवऱ्याचा संशय, मारहाण, आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवलेले लेखन यांविषयी त्या तिथे बोलल्या. हे त्यांनी पुस्तकातच लिहायला हवे होते, असे काही समीक्षक म्हणतात. मला हा आग्रह पटत नाही. 'आम्ही' म्हणण्यात त्यांचा 'मी' होताच. पण पुरुष समीक्षकांनी, आणि मी त्यांत आलोच, त्या मुलाखतीला टाळून 'जिणं आमुचं'वर निबंध लिहीत राहावे हे योग्य नाही. वेदना बाहेर पाहायची तर आधी उंबरठ्याच्या आत जावे लागते.

इथेच गिहिविनयाचा प्रश्न येतो. सिगालोवाद सुत्तातला तरुण बाप मरताना सांगून गेला म्हणून ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करत असतो. बुद्ध त्याला दिशांचा अर्थ बदलून देतो: पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम बायकामुले, उत्तर मित्र, खालची दिशा नोकरचाकर, वरची श्रमण. बाबासाहेबांनी संघाविषयीच्या खंडाच्या शेवटी गृहस्थांसाठीचा विनय म्हणून हे दिले आहे. ध्यानाच्या आसनावरून उठलेल्या माणसाने घरात आणि कामावर कसे वागावे याची इतकी व्यवहारी यादी दुसरीकडे सापडणार नाही. नवऱ्याने बायकोचा मान ठेवावा, तिला तुच्छ लेखू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. मालकाने नोकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, पोटाला आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी.

ही शेवटची दोन कर्तव्ये घेऊन हंगामात इंदापूर रस्त्याने जा. कारखान्यांच्या वाटेवर बीड-नगरकडच्या टोळ्यांच्या पालांची रांग दिसते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईला स्वतःचा हिशेबच नाही. उचल घेतलेली असते मुकादमाकडून. खाडा पडला की दंड, मग तो पाळीच्या दिवसांतला असो की तापातला. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, त्याच्या मुळाशी हा खाडा होता. या बाईला समभाव शिकवायला निघालेल्याने सुत्तातली खालची दिशा आधी वाचावी, आणि वाचून दाखवावी ती मुकादमाला. तिच्या डोळ्यांसमोर जी वेदना आहे तिला सुटी हे औषध आहे.

पण आपल्या तटालाही मी सोडत नाही. पाण्यातला अन्याय, उसातला अन्याय यांवर बोलणारा आपला वक्ता घरी जाऊन कसा बोलतो? सभेत मैत्री आणि चुलीपुढे हात, हे दृश्य आपल्या वस्त्यांत नवे नाही. बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे मैत्रीला ठेवले. ती मैत्री मोर्चात निपजत नाही, तिला रोजचा सराव लागतो. पुण्यात १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या मंडळींनी कल्याणमित्रतेवर जो भर दिला, त्याविषयी आपल्यात टिंगल पुष्कळ झाली. त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला मान्य नाहीत. पण माणसाला सुधारायला माणूस लागतो, ही त्यांची गोष्ट सुत्तातलीच आहे. मैत्री म्हणजे अर्धा मार्ग, असे आनंद म्हणतो, तेव्हा पुरा मार्ग, अशी बुद्ध त्याची दुरुस्ती करतो.

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. युद्धाचा ठराव, परिव्रज्या, पहिले प्रवचन हे भाग रंगून वाचले जातात. गिहिविनय येईपर्यंत भाताची खोळंबलेली मंडळी उठू लागतात आणि वाचणारा पाने उलटतो. गेल्या वर्षी इंदापूरच्या बाजूला एका विहारात त्या संध्याकाळी वाचायला एक अंगणवाडी सेविका बसली होती. नवराबायकोच्या कर्तव्यांपाशी आल्यावर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हे मी सावकाश वाचणारे, बसा." एक म्हातारा कुरकुरला की बायकोची कर्तव्ये आधी वाच. तिने छापलेल्या क्रमानेच वाचले. मग पुरुषांपैकी दोघांनी प्रश्न विचारले, एकीने मागच्या ओळीतून उत्तर दिले, आणि साडेनऊची गाडी चुकेपर्यंत ते चालले.