मोळी आणि अंघोळ

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना माणुसकीचा पाठ दिला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा पाठ वर्गात कसा वाचावा, याचा. एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. विटाळाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास सांगते, आणि घरी आल्यावर अंघोळ करावयासही सांगते. शिक्षक बहुधा मोळीपाशी थांबतो. वास्तविक खरा धडा अंघोळीपासून सुरू होतो. करुणा रूढीचा उंबरठा ओलांडते, परंतु परतताना पाय धुऊन घरात येते. गुरुजींनी ही विसंगती झाकली नाही, हा त्यांच्या लेखनाचा प्रामाणिकपणा होय.

सहिष्णुता आणि आदर यांतील अंतर नेमके येथे आहे. सहिष्णुतेत देणारा हात आपला असतो. आदरात समोरच्याचे बोलणे ऐकावे लागते. ‘श्यामची आई’त आपण सर्व काही श्यामच्या डोळ्यांनी पाहतो. समोरच्या बाजूने पाहिलेले जग मराठी विद्यार्थ्याला मिळते ते दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांत. ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्या जमातीतील मुलाला शाळेची पायरी किती उंच वाटते, हे ‘उचल्या’ सांगतो. तेथे दयेला पात्र ठरलेला मनुष्यच निवेदक होतो, आणि वाचकाची सोयीस्कर जागा डळमळते.

म्हणून एक ग्रंथ काढून दुसरा ठेवावा, असे नव्हे. केवळ आत्मकथने वाचून विद्यार्थी अपराधभावाने मूक होण्याचा संभव आहे. केवळ गुरुजी वाचून तो स्वतःच्या चांगुलपणावर संतुष्ट होईल. दोहोंचे सहवाचन हवे. याची दिशा गुरुजींच्या चरित्रातही आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. अंघोळीची अट तेथे उरली नव्हती. लेखक आपल्या पुस्तकातील श्यामच्या पुढे गेला. वाचकाने मागे का राहावे?

‘श्यामने अंघोळ का केली?’ हा प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारला, तर शिक्षकाने घाईने पान उलटू नये.