लोणासुराच्या बहिणींचे पुढे काय झाले?

लोणारच्या दैत्यसूदनाची आख्यायिका बुलढाणा जिल्ह्यात पोराटोरांनाही पाठ असते. लोणासुर जमिनीखालच्या विवरात दडून बसलेला. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, असुराच्या दोघी बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाचा ठावठिकाणा सांगून बसल्या. देवाने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि असुराला मारले. सरोवराच्या खाऱ्या पाण्याचा उलगडा झाला, मंदिराला नाव मिळाले, कथा संपली. त्या दोघींचे पुढे काय झाले, हे कुणी सांगत नाही.

मराठी गूढकथेचे दुखणे मला नेमके इथे दिसते. रूप पालटणारा आपल्याकडे आहे, त्याच्यावर जीव टाकणारी माणसेही आहेत. पण रूप उघडे पडले की लेखकाचा रस संपतो. पुढे एक तर वध, नाही तर उतारा.

नारायण धारपांनी मराठी भयकथेला वाचक मिळवून दिला आणि तो टिकवला. त्यांच्या समर्थकथांत अमानवी शक्ती येते ती हुसकावली जाण्यासाठी. तिला काय हवे होते, हा प्रश्न तिथे गैरलागू ठरतो. ‘खेकडा’पासूनच्या रत्नाकर मतकरींचा ओढा मनाच्या अंधाराकडे जास्त, प्रेम येते तेव्हा बहुधा त्याची किंमत चुकवायला येते. वासना आणि गूढ यांची सर्वांत दाट वीण चिं. त्र्यं. खानोलकरांत सापडते, पण ती कोकणच्या ओल्या मातीतली. या सगळ्या लेखनात शिकलेल्या माणसाचे काम जवळजवळ ठरलेले: त्याने शंका घ्यायची, पुरावा मागायचा आणि शेवटी घाबरायचे. प्राध्यापक प्रेमात पडतो आणि समोरचे माणूस नाही हे कळल्यावरही तिथेच राहतो, अशी मराठी कथा मला आठवून आठवून सापडत नाही.

चीनमध्ये फू सोंगलिंगने (१६४०–१७१५) हेच सूत्र धरून कितीतरी कथा लिहिल्या. परीक्षेला बसणारा गरीब विद्वान, पडका वाडा, रात्री दार ठोठावणारी बाई आणि मागाहून कळते की ती कोल्हीण आहे. पुष्कळदा त्याला आधीच संशय असतो, तरी तो दिवा विझवत नाही. फू स्वतः सरकारी परीक्षांत वारंवार नापास झालेला, त्यामुळे त्या विद्वानाचे एकटेपण त्याला उसने आणावे लागले नाही. बुलढाण्या-चिखलीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची वर्षे मोजत बसलेली पोरे पाहिली की वाटते, याहून तयार नायक कुठला हवा?

बाहेर बघायचीही गरज नाही म्हणा. कथासरित्सागरात गुणाढ्याची जन्मकथा आहे. वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन आणि ब्राह्मणकन्या श्रुतार्था यांचा तो मुलगा. बाप नाग, आई माणूस. ही कथा प्रतिष्ठान परिसरातली, म्हणजे आपल्या पैठणची. जो बृहत्कथेचा कर्ता मानला जातो, सातवाहनाच्या दरबारातला पंडित, तोच अशा संबंधातून जन्मलेला. या परंपरेत विद्वत्ता आणि नागकुळ एकाच घरात नांदतात.

आणि खंडोबा तर आजही जागरणात गायला जातो. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर देव वेश पालटून बाणाईच्या घरी चाकरीला राहतो. तिची मेंढरे राखतो, एकदा आपटून मारतो आणि लग्नाच्या बोलीवर जिवंत करतो. हा दांडगेपणा आजच्या वाचकाला खटकेल, खटकलाच पाहिजे. पण दैत्यसूदनाच्या कथेपेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे: रूप उघड झाल्यानंतरचा संसार. बाणाई जेजुरीला येते, म्हाळसा भांडते, देवाची ओढाताण होते. वाघ्या-मुरळी या भांडणात रंगतात, ऐकणारेही रंगतात. छापील गूढकथेने नेमका हाच भाग सोडून दिला.

पडद्यावर वेगळाच प्रकार. ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) पाहता मराठी मातीतली भुते हिंदीत नोकरीला लागली आहेत, आणि पगार बरा दिसतो. ‘भेडिया’त (२०२२) जनावरांची डॉक्टरीणच लांडगी निघते, शिकलेले माणूस आणि रूपधारी एकाच कातडीत घालण्याची ती युक्ती मला आवडली. मोबाइलवरच्या मराठी कथांत मात्र प्रेमाचा तुटवडा नाही. तिथे लांडगामानव आहेत, रक्तपिपासू राजपुत्र आहेत, ओळख लपवून कॉलेजात शिकवणारे सरही आहेत. दोष उत्कटतेत नाही, ऐवजात आहे. धुके परदेशी, वाडा परदेशी, नायकाचे डोळेसुद्धा परदेशी.

वास्तविक बुलढाण्यात सामग्री आयती पडली आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे अशनीविवर, तीव्र अल्कधर्मी पाणी, काठाशी कमळजा देवी आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन उतरणारे संशोधक. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण प्रयोगशाळेतून आले. कारण कळल्याने गुलाबी रंगाचे नवल उणावले नाही, हे कथाकाराने ध्यानात घ्यावे. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून शेताशिवारांतून, रस्ते ओलांडत ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. संशोधक पडद्यावर त्याचा माग काढत होते. त्याला जोडीदार आणून द्यावी का, याचीही चर्चा झाली. एका एकट्या जिवाच्या लग्नाची काळजी सरकारी खाते करते आहे, यापेक्षा सरस सुरुवात कुठल्या कादंबरीला मिळणार?

अडचण भाषेची आहे, आणि ती खरी आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणीला भीतीची भाषा करून दाखवले. वऱ्हाडीला मात्र मालिका-सिनेमांत बहुधा हसवण्याचेच काम मिळते. ती गंभीर प्रेमात बोलली, तर प्रेक्षक फिदीफिदी हसेल अशी धास्ती निर्मात्यांना वाटत असावी. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ने याच जिल्ह्यातून मराठी प्रेमकवितेला सूर दिला; तेव्हा इथल्या मातीला शृंगार जमत नाही, असे म्हणायची सोय नाही. लोणासुराच्या थोरल्या बहिणीने त्या देखण्या परक्याला पहिला प्रश्न वऱ्हाडीतच विचारला असणार. तो कोणता, हे कुणीतरी लिहावे; आणि दिवाळी अंकाच्या संपादकाने तो प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नये.